इस्पितळात साखरेचा हिशेब : स्वतःचे यंत्र सोबत न्यावे काय?

समजा, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीलगत वेल्डिंगचे लहानसे वर्कशॉप चालविणारे एक चाचा आहेत. वय ५२, दहा वर्षांपासून मधुमेह. पायाला लोखंडाचा कीस रुतला, पण पायाची जाणीव कमी झाल्यामुळे चार दिवस कळलेच नाही. जखम चिघळली, ताप आला आणि नागपूरला दाखल करावे लागले. घाईगडबडीत मुलाने कपडे, पैसे, जुने कागद, सर्व घेतले. साखर तपासण्याचे यंत्र मात्र घरच्या कपाटातच राहिले. "आता मोठ्या दवाखान्यात चाललोय, तिथे त्यांची यंत्रे आहेतच की!" असा विचार त्याने केला.

हा विचार बहुतेक घरांत होतो. तो पूर्णपणे चूक आहे असेही नाही. पण जो माणूस घरी रोज आपल्या साखरेवर लक्ष ठेवतो, त्याने इस्पितळात पाय ठेवताच ते लक्ष सोडून द्यावे, हे बरोबर नाही. कारण साखर सर्वांत जास्त वर-खाली होते ती आजारपणातच. दुसरीकडे, यंत्र हाती आहे म्हणून पलंगावर बसून स्वतःच डॉक्टरी करणेही तितकेच घातक आहे. या दोन टोकांच्या मधला मार्ग कोणता, हे या लेखात पाहू या.

हा विषय आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी महत्त्वाचा आहे. नोकरदाराला आजारपणाची रजा मिळते. दुकानदाराचे शटर बंद राहिले की त्या दिवसाची कमाई गेली. साखर हाताबाहेर गेली तर जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग वाढतो आणि इस्पितळातला मुक्काम लांबतो. बिल आणि बंद दुकान असे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा हा प्रश्न प्रत्येक मोहल्ल्यातला आहे.

यंत्र रुग्णाच्या हाती कसे आले?

आज औषधाच्या दुकानात सहज मिळणारे हे यंत्र मुळात रुग्णासाठी बनलेच नव्हते. पहिली यंत्रे अमेरिकेत १९७० च्या सुमारास इस्पितळांसाठी आणि डॉक्टरांसाठी निघाली. ती जड होती आणि किंमत सुमारे ६५० डॉलर होती. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरला बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. यंत्र फक्त डॉक्टरांनाच विकले जात असे. त्याची पत्नी डॉक्टर असल्यामुळे तिच्या नावावर त्याने ते मागविले. दिवसातून अनेकदा साखर मोजून त्याने आपले इन्सुलिन आणि जेवण यांचा मेळ घातला आणि त्याची प्रकृती सुधारली. हा अनुभव त्याने लिहून पाठविला, पण वैद्यकीय नियतकालिकांनी तो छापला नाही. शेवटी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि तो स्वतःच डॉक्टर झाला.

पुढे यंत्र लहान झाले, स्वस्त झाले आणि घरोघरी पोहोचले. म्हणजे इस्पितळातून घरी आलेले यंत्र रुग्ण आता पुन्हा इस्पितळात घेऊन जातो आहे.

इस्पितळात साखर का बिघडते?

घरी ठीक असलेली साखर इस्पितळात बिघडण्याची कारणे साधी आहेत.

पहिले कारण आजार स्वतःच. ताप, जखम, वेदना, भीती यांमुळे शरीर असे स्राव सोडते की साखर वाढते. दुसरे कारण औषधे. दम्यासाठी, सांध्यांसाठी किंवा सूज उतरविण्यासाठी दिली जाणारी स्टेरॉइड औषधे साखर झपाट्याने वाढवितात. तिसरे कारण सलाइन. काही सलाइनमध्ये ग्लुकोज असते. चौथे कारण जेवणाच्या वेळा. इन्सुलिन वेळेवर दिले गेले आणि थाळी तासभर उशिरा आली, तर साखर खाली घसरते. पाचवे कारण उपाशी राहणे. सकाळच्या ऑपरेशनसाठी रात्रीपासून काही खाल्लेले नसते आणि ऑपरेशन दुपारवर ढकलले जाते. आणि सहावे कारण आपणच. भेटायला येणारे नातेवाईक केळी, खजूर, डब्यातून शीरखुर्मा घेऊन येतात. रुग्णाने प्रेमाखातर दोन घास खाल्ले, तरी वहीत त्याची नोंद कोणी करीत नाही.

साखर अनियंत्रित राहिली तर काय होते, हे आपल्या भागाने २०२१ साली पाहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. अनेकांनी ती घरीही घेतली आणि साखर मोजली नाही. त्यानंतर म्युकरमायकोसिस म्हणजे काळ्या बुरशीचा आजार पसरला. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारला राज्यांना सांगावे लागले की, या आजाराचा प्रत्येक रुग्ण सरकारदरबारी नोंदवावा. जास्त रुग्ण सापडलेल्या शहरांत नागपूर होते. किती जणांचे डोळे काढावे लागले, जबडे काढावे लागले. त्यांपैकी बहुसंख्य मधुमेही होते किंवा उपचारांत साखर वाढलेले होते.

किती साखर ठीक?

घरी उपाशीपोटी १०० ते १३० आकडा पाहण्याची सवय असलेल्या माणसाला इस्पितळात १७० दिसले की तो घाबरतो. "डॉक्टर लक्ष देत नाहीत" अशी तक्रार सुरू होते. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. दाखल असलेल्या बहुतेक रुग्णांसाठी डॉक्टर १४० ते १८० मिलिग्रॅम या दरम्यानची साखर समाधानकारक मानतात.

याला कारण आहे. पूर्वी वाटत असे की साखर जितकी कमी ठेवू तितके चांगले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा व अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत सहा हजारांवर रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाची साखर ८१ ते १०८ या दरम्यान आणि दुसऱ्या गटाची १८० च्या आत ठेवण्यात आली. ९० दिवसांत पहिल्या गटात २७.५ टक्के रुग्ण दगावले, तर दुसऱ्या गटात २४.९ टक्के. म्हणजे फार कडक नियंत्रणाने फायदा होण्याऐवजी नुकसानच झाले. त्या गटात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रकारही पुष्कळ जास्त होते.

म्हणून इस्पितळात दोन आकडे ध्यानात ठेवावेत. सतत १८० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना सांगावे. ७० च्या खाली गेली तर क्षणभरही न थांबता सिस्टरला बोलवावे. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर धोका. प्रत्येक रुग्णाची मर्यादा थोडी वेगळी असू शकते, तेव्हा दाखल होतानाच डॉक्टरांना विचारून ती कागदावर लिहून घ्यावी.

यंत्र कुठे खोटे बोलते?

धान्याचा व्यापारी आपल्या वजनकाट्याची वेळोवेळी पडताळणी करून शिक्का मारून घेतो. काटा चुकला तर गिऱ्हाईक तरी बुडते किंवा दुकानदार तरी. साखरेच्या यंत्राचेही तसेच आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० किंवा त्यावरची साखर असताना १०० पैकी ९५ वेळा यंत्राचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असला पाहिजे. म्हणजे खरी साखर २०० असेल तर यंत्र १७० ते २३० यांतील काहीही दाखवू शकते आणि तरीही ते चांगले यंत्र ठरते. १०० च्या खाली ही सूट १५ मिलिग्रॅमची आहे. तेव्हा पाच-दहाच्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पण काही वेळा फरक याहून मोठा पडतो. त्याची कारणे अशी :

१) हात. फळे, मिठाई, गूळ यांचा हात लागलेला असेल आणि तो न धुता रक्त घेतले तर आकडा भलताच वाढतो. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करावेत. शिंपीकाम, सुतारकाम करणाऱ्यांच्या बोटांची टोके घट्ट झालेली असतात. त्यांनी बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचावे.

२) सलाइनचा हात. ज्या हातात ग्लुकोजचे सलाइन चालू आहे, त्या हाताचे रक्त कधीही घेऊ नये. दुसऱ्या हाताचे घ्यावे.

३) पट्ट्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मोटारसायकलच्या डिकीत राहिलेल्या पट्ट्या खराब होतात. डबीचे झाकण उघडे राहिले तर दमटपणानेही बिघडतात. डबीवरची मुदत पाहावी आणि डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

४) रक्ताची कमतरता. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर अनेक यंत्रे खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवितात. अशा आकड्यावर इन्सुलिन दिले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

५) रक्तदाब फार खाली गेलेला रुग्ण, शरीरातील पाणी फार कमी झालेला रुग्ण, हात-पाय गार पडलेला रुग्ण. अशा वेळी बोटाच्या रक्तावर विसंबू नये. शिरेतील रक्त प्रयोगशाळेत तपासणेच योग्य.

६) पोटातून होणारे डायलिसिस. त्यातील आयकोडेक्स्ट्रिन नावाच्या द्रावणामुळे काही प्रकारच्या पट्ट्या दुसऱ्याच साखरेला ग्लुकोज समजतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली याबद्दल इशारा दिला. तोपर्यंत अशा चुकीशी संबंधित १३ मृत्यूंची नोंद झाली होती. असे डायलिसिस चालू असेल तर आपले यंत्र चालेल काय, हे विचारल्याशिवाय वापरू नये.

आपले यंत्र खरे आहे की नाही, हे तपासण्याची सोपी रीत अशी. सकाळी उपाशीपोटी प्रयोगशाळेसाठी शिरेतून रक्त घेतले जाते, त्याच वेळी आपल्या यंत्रावर बोटाचे रक्त तपासावे आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. जेवणानंतर ही तुलना करू नये, कारण तेव्हा बोटाच्या रक्तात शिरेतील रक्तापेक्षा साखर अधिक असते.

दंडावरचे यंत्र

गेल्या काही वर्षांत आणखी एक यंत्र आले आहे. रुपयाच्या नाण्याएवढी किंवा थोडी मोठी चकती दंडावर चिकटवितात. तिचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली राहतो. दर काही मिनिटांनी साखर मोजली जाते आणि आकडा मोबाइलवर दिसतो. साखर वर चालली आहे की खाली, हे बाणाने कळते. एक चकती साधारण दोन आठवडे चालते. या पद्धतीचे एक यंत्र भारतात २०१५ पासून डॉक्टरांमार्फत मिळू लागले. पुढे रुग्णाने स्वतः आकडा पाहावयाची यंत्रेही आली.

इस्पितळात हिचा विचार कोरोनाने पुढे आणला. सिस्टरने दर दोन तासांनी आत जाऊन बोट टोचणे धोक्याचे झाले होते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तेथील इस्पितळांना साथीच्या काळापुरती अशी यंत्रे वापरण्यास मोकळीक दिली. रुग्ण खोलीत आणि आकडा बाहेर, अशी सोय झाली. रात्री झोपेत साखर घसरली तर काही यंत्रे गजर करून जागे करतात, हा याचा मोठा फायदा.

पण उणिवाही आहेत. हे यंत्र रक्त मोजत नाही, कातडीखालचा द्रव मोजते. त्यामुळे आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटे मागे असतो. साखर वेगाने घसरत असताना तेवढा फरक महत्त्वाचा ठरतो. त्या दंडावर दाबून झोपले तर खोटीच कमी साखर दिसते. काही यंत्रांवर जीवनसत्त्व ‘क’ च्या मोठ्या मात्रेचा, तर काहींवर पॅरासिटामॉलच्या जास्त मात्रेचा परिणाम होऊन आकडा वाढलेला दिसतो. एमआरआय करण्यापूर्वी चकती आहे हे सांगावे, बहुधा ती काढावी लागते. एक्स-रे व सीटी स्कॅनपूर्वीही विचारावे. रुग्णाची लक्षणे एक सांगतात आणि चकती दुसरे, असे झाले तर बोट टोचून पाहावे. चकतीला काही हजार रुपये लागतात. ज्याला दिवसातून अनेकदा इन्सुलिन घ्यावे लागते त्याला ती उपयोगी आहे. केवळ गोळ्यांवर असलेल्याला चार दिवसांच्या मुक्कामासाठी साधे यंत्र पुरते.

दाखल झाल्यावर काय करावे?

बुटीबोरी चौकातून एक रस्ता वर्ध्याला आणि दुसरा हैदराबादकडे फुटतो. नागपूर येथून सुमारे तीस किलोमीटर. मोठा आजार झाला की माणूस नागपूरचा रस्ता धरतो. तेथे जुने मेडिकल आणि मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे, खासगी इस्पितळे तर पुष्कळ. कोठेही गेलात तरी पुढील रीत उपयोगी पडेल.

दाखल होतानाच डॉक्टरांना सांगावे, "आम्ही घरी साखर मोजतो. यंत्र सोबत आणले आहे. वापरले तर चालेल ना?" परवानगी मिळाली तर ती केस पेपरवर लिहून घेण्याची विनंती करावी. इन्सुलिनचा निर्णय मात्र इस्पितळाच्या यंत्रावर किंवा प्रयोगशाळेच्या आकड्यावरच होऊ द्यावा. आपले यंत्र ही दुसरी नजर आहे.

एक लहान वही करावी. दुकानात जशी रोजकीर्द लिहितो तशीच. तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, आकडा, दिलेले इन्सुलिन, खाल्लेले पदार्थ आणि शेवटी ‘कोणाला सांगितले’ असे रकाने पाडावेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आकडा पाहिला आणि कोणालाच सांगितला नाही, तर तो मोजून उपयोग काय? सिस्टरची पाळी बदलते तेव्हा नव्या सिस्टरला वही दाखवावी.

जेवणाआधीचे इन्सुलिन देताना थाळी आली आहे काय, हे नम्रपणे विचारावे. ऑपरेशन पुढे ढकलले गेले तर "साखर पुन्हा पाहता का?" असे म्हणावे. घरच्या गोळ्यांची संपूर्ण यादी द्यावी. मधुमेहाच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात, तर काही विशिष्ट तपासणीच्या वेळी. पण त्या कोणत्या, हे डॉक्टरांनीच सांगावयाचे.

घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर घसरल्याची लक्षणे आहेत. रुग्ण शुद्धीत असेल आणि तोंडाने खाण्यास मनाई नसेल तर तीन चमचे म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात घालून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या किंवा बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. सिस्टरला हाक मारावी, त्या शिरेतून ग्लुकोज देतील.

या गोष्टी करू नयेत

आकडा जास्त दिसला म्हणून पिशवीतले स्वतःचे इन्सुलिन गुपचूप टोचून घेऊ नये. सिस्टरने आधीच दिलेले असेल तर दुप्पट मात्रा होईल. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच शिश्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या असतात, तर पेनमधले १०० युनिटचे असते. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरले तर अडीच पट मात्रा जाते. अशा चुकीने माणूस दगावू शकतो.

बोट टोचण्याची सुई आणि तिचे पेन शेजारच्या रुग्णाला देऊ नये, घरातल्या माणसालाही नाही. त्यातून कावीळीसारखे रक्तातून पसरणारे आजार होतात. शेजारधर्म म्हणून मदत करावयाची असेल तर सिस्टरला बोलावून द्यावे. वापरलेल्या सुया पलंगाखाली किंवा साध्या कचऱ्यात न टाकता इस्पितळाच्या सुयांच्या डब्यात टाकाव्यात.

खर्चाचे काय? पट्टी स्वस्त नाही. दिवसाला चार तपासण्या धरल्या तर आठवड्याला २८ पट्ट्या लागतात. दाखल होण्यापूर्वीच एक डबी जास्त घ्यावी. आरोग्य विमा असला तरी पट्ट्यांचे पैसे वेगळे मिळतील असे धरून चालू नये. इस्पितळाच्या बिलात साखर तपासणीची रक्कम लावली असेल तर किती तपासण्या झाल्या, हे आपल्या वहीशी ताडून पाहता येते. हाही वहीचा एक फायदा.

आता त्या चाचांकडे पुन्हा वळू या. मुलाने दुसऱ्या दिवशी घरून यंत्र मागविले असेल, डॉक्टरांना विचारले असेल आणि वही सुरू केली असेल, तर रात्री दोन वाजता घाम फुटल्यावर त्याला अंदाज बांधत बसावे लागणार नाही. बोट टोचायचे, ६२ आकडा पाहायचा आणि सिस्टरकडे धावायचे. अर्ध्या मिनिटाचे काम. हे काम घरातल्या कोणा एकाला आजच शिकवून ठेवावे, आणि यंत्र, पट्ट्यांची डबी, वही व औषधांची यादी एका पिशवीत घालून ती पिशवी दाराजवळ ठेवावी. दवाखान्यात जाण्याची वेळ सांगून येत नाही.